कल्याणच्या पुढे गाडी का रखडते: गुंतलेले रेल्वेमार्ग सुटे करण्याचा क्रम

नाशिकरोडहून रोज मुंबईला ये-जा करणाऱ्या एका पासधारकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "पंचवटी एक्सप्रेस इगतपुरीपर्यंत वेळेत येते, घाटही वेळेत उतरते आणि मग कसारा ते दादर या टप्प्यात कधी वीस, कधी पंचवीस मिनिटे गमावते. मार्गिका वाढल्या, सिग्नल बदलले, तरी फरक का पडत नाही? सिडनीत म्हणे मार्ग एकमेकांपासून सुटे करून हा प्रश्न हाताळला. तसे आपल्याकडे करता येईल का, आणि सुरुवात कशापासून करावी?"

माझी बहुतेक नोकरी रेल्वेच्या परिचालन खात्यात आणि त्यातही नियंत्रण कक्षात झाली. त्यामुळे सेक्शन कंट्रोलरच्या, म्हणजे एका टप्प्यावरच्या गाड्यांचा क्रम ठरवणाऱ्या माणसाच्या, खुर्चीवरून हा प्रश्न जसा दिसतो तसे उत्तर देतो.

गाडीला उशीर होणे आणि तो उशीर पसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. रुळाला तडा जाणे, ओव्हरहेड वायर तुटणे, पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) फेल होणे, साखळी ओढली जाणे, कोणी रूळ ओलांडताना गाडीखाली येणे ही मूळ उशिराची कारणे होत. देखभाल, कुंपण आणि पादचारी पूल यांनी ती कमी होतात, पण इतक्या मोठ्या जाळ्यात ती शून्यावर कधीच येणार नाहीत. प्रवाशाच्या वाट्याला येणारा उशीर मात्र बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा असतो. ज्या गाडीचा काही संबंध नव्हता ती गाडी केवळ दुसरीच्या मागे, दुसरीच्या आडवी किंवा दुसरीच्या रेकवर (डब्यांच्या संचावर) अवलंबून असल्यामुळे थांबते. मार्ग सुटे करण्याचा सारा खटाटोप या लादलेल्या उशिरासाठी आहे.

हे पसरणे कसे होते ते एका नेहमीच्या साखळीवरून सांगतो. दिव्याच्या फाटकाने कित्येक वर्षे मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाला छळले. फाटक सिग्नलशी इंटरलॉक केलेले असते, म्हणजे ते पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गेट सिग्नल ऑफ होऊच शकत नाही, म्हणजे गाडीला पुढे जाण्याची परवानगी देऊच शकत नाही. आता पहाटे कसाऱ्याकडे निघालेली एखादी डाउन, म्हणजे मुंबईपासून दूर जाणारी, लोकल घ्या. फाटकात दोन टेम्पो आणि चार रिक्षा अडकल्या, गेटमनला फाटक पाडता येईना आणि लोकल चार मिनिटे उभी राहिली. तिच्या मागे आणखी दोन गाड्यांची रांग लागली. ही लोकल कल्याणला पोहोचली तेव्हा तिचा पाथ, म्हणजे वेळापत्रकात तिच्यासाठी राखलेली जागा, निघून गेलेला होता, म्हणून एका मेलला आधी सोडून तिला मागून सोडले आणि चाराचे दहा झाले. कसाऱ्याला तोच रेक फिरून अप (मुंबईकडची) लोकल म्हणून परतणार होता. तो दहा मिनिटे उशिरा पोहोचला, मोटरमनने कॅब बदलली आणि घाट उतरून वेळेत आलेल्या पंचवटीच्या नेमक्या पुढ्यात निघाला. पंचवटीला आता आसनगावपर्यंत त्या लोकलची शेपटी धरून यावे लागते, नाहीतर कंट्रोलरने लोकलला लूपमध्ये (स्थानकातल्या बाजूच्या रुळावर) घालून चाकरमान्यांचा रोष ओढवून घ्यायचा. दिव्याच्या फाटकात पहाटे गेलेली चार मिनिटे अडीच-तीन तासांनी नाशिककरांच्या लेटमार्कमध्ये दिसतात. त्या साखळीत प्रत्येक जण आपले काम नियमाप्रमाणेच करत होता, म्हणून कोणाला शिक्षा करून ती तुटत नाही.

या गुंत्याचे मूळ जाळ्याच्या घडणीत आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि १८६५ मध्ये कसारा घाटातून मार्ग इगतपुरीकडे खुला झाला. त्या काळी एकाच खोडावरून टपाल, माल आणि प्रवासी सगळेच जाणार होते. पुढे त्या खोडाला कर्जतचा, वसईचा, पनवेलचा असे फाटे फुटत गेले, लोकलची संख्या वाढत गेली आणि मार्गिका जिथे जागा मिळाली तिथे, जेव्हा पैसे मिळाले तेव्हा घातल्या गेल्या. त्यामुळे आज नाशिकहून निघालेल्या गाडीला वाटेत मार्गिकांची संख्या सतत बदलताना दिसते. इगतपुरीपर्यंत दोन, घाटात तीन, कसारा ते कल्याण पुन्हा दोन, कल्याण ते कुर्ला सहा आणि कुर्ला ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पुन्हा चार. सुमारे ५४ किलोमीटरच्या कल्याण-मुंबई पट्ट्यातल्या सहा मार्गिकांचा लाभ शेवटच्या पंधराएक किलोमीटरांत संपतो, कारण कुर्ल्याच्या पुढे मेल गाडीला जलद लोकलच्या रुळांवर शिरावे लागते. गर्दीच्या वेळी तिथे कंट्रोलरपुढे दोनच पर्याय असतात: मेलला बाहेर उभे करणे किंवा लोकलला. यातला कोणताही निवडला तरी हजार-दोन हजार माणसे खोळंबतात.

कसारा-कल्याण या सुमारे ६७ किलोमीटरच्या पट्ट्यावर थोडे थांबतो, कारण नाशिककरांचा वेळ खऱ्या अर्थाने इथे जातो आणि चर्चा मात्र नेहमी ठाणे-दादरची होते. इथे दोनच मार्गिकांवर सर्व थांबे घेणारी लोकल, न थांबता येणारी मेल आणि मालगाडी अशा तीन स्वभावांच्या गाड्या धावतात. नियंत्रण कक्षातल्या आलेखावर आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानके आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ असते. सगळ्या गाड्या सारख्या वेगाने धावत असतील तर रेघा समांतर जातात आणि त्या तीन-तीन मिनिटांच्या अंतराने खेटून बसवता येतात. आता समजा लोकलला या पट्ट्यावर सत्तर मिनिटे लागतात आणि मेलला पन्नास. मेलने लोकलला वाटेत गाठू नये असे वाटत असेल, तर तिला लोकलनंतर वीस-बावीस मिनिटांनी सोडावे लागेल. म्हणजे ज्या जागेत सहा-सात लोकल बसल्या असत्या ती जागा एका मेलने खाल्ली. हे टाळायचे तर लोकलला लूपमध्ये बाजूला घ्यायचे, आणि मग लोकलचा वेळ गेला. मार्गाची क्षमता गाड्यांच्या संख्येपेक्षा गाड्यांच्या वेगांतल्या फरकावर अधिक अवलंबून असते. "आणखी दोन गाड्या सोडा" या मागणीला परिचालनातला माणूस कचरतो तो याच कारणाने. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका आणि मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तीन-अ टप्प्यातली कल्याण-आसनगाव चौथी मार्गिका या दोन कामांचे नाशिकसाठीचे मोल मी म्हणूनच फार मोठे मानतो.

दुसरा गुंता जंक्शनचा. एकाच पातळीवर फाटा फुटतो तिथे डाउन जाणाऱ्या आणि उजवीकडच्या फाट्याला वळणाऱ्या गाडीला दुसऱ्या फाट्यावरून येणाऱ्या अप गाडीची वाट छेदावी लागते. ती छेदत असताना अपची गाडी होम सिग्नलला, म्हणजे स्थानकात शिरण्याच्या सिग्नलला, उभी राहते. रूट लावणे, गाडी पूर्ण पार होणे, पॉइंट परत फिरणे आणि सिग्नल येणे यांत तीन-चार मिनिटे सहज जातात, म्हणजे एका वळणाऱ्या गाडीसाठी दोन्ही दिशांचा एकेक पाथ खर्ची पडतो. नाशिककरांना हे द्वारका चौकावरून चटकन कळेल. मुंबई-आग्रा महामार्गावर सरळ जाणारा उड्डाणपुलावरून निघून जातो आणि पुणे रस्त्याला वळणारे खाली सिग्नलला एकमेकांची वाट पाहतात. पूल नव्हता तेव्हा सरळ जाणाराही त्याच रांगेत होता. कल्याण यार्डात लोकल, मेल आणि मालगाड्या एकमेकींच्या वाटा छेदतात, आणि तिथल्या फेररचनेचा घोषित हेतूच उपनगरी व लांब पल्ल्याची वाहतूक वेगळी करणे हा आहे. माझ्या मते मुंबईच्या उत्तर-पूर्व बाजूच्या वक्तशीरपणासाठी सध्या हाती असलेल्या कामांत याच्या इतके महत्त्वाचे दुसरे काम नाही, मग त्याचे उद्घाटन नव्या गाडीसारखे थाटाचे होवो वा न होवो.

आता सिडनीकडे वळतो. तिथल्या राज्य सरकारने २००३ नंतर जो कार्यक्रम हाती घेतला त्याचे उद्दिष्ट अगदी नेमके होते: एकमेकांत गुंतलेल्या १४ उपनगरी मार्गांचे पाच स्वतंत्र गट करायचे, जेणेकरून एका गटातला बिघाड दुसऱ्या गटात जाणार नाही. त्यासाठी त्यांनी फार मोठे नवे मार्ग बांधले नाहीत. बोंडाय जंक्शन या शेवटच्या स्थानकावर गाड्या झटपट परतवता याव्यात म्हणून तिथली परतीची सोय २००६ मध्ये सुधारली. क्रोनुला फाट्यावरचा एकेरी मार्गाचा राहिलेला भाग २०१० मध्ये दुहेरी केला. किंग्जग्रोव्ह ते रेव्हस्बी या पट्ट्यात २०१३ पर्यंत दोनाच्या चार मार्गिका केल्या, त्यामुळे लांबून येणाऱ्या जलद गाड्या आणि विमानतळमार्गे धावणाऱ्या थांब्याच्या गाड्या वेगळ्या झाल्या. हे शेवटचे काम वाचताना मला दर वेळी कल्याण-आसनगाव आठवते, कारण दोन्हीकडचे दुखणे एकच आहे. टोकियोत हीच दिशा त्याही आधी धरली गेली होती. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने १९६० च्या दशकात शहरात येणाऱ्या पाच प्रमुख दिशांच्या मार्गिका वाढवायला घेतल्या, आणि तोकाइदो व योकोसुका या एकाच रुळांवर धावणाऱ्या दोन सेवा १९८० मध्ये पूर्णपणे वेगळ्या केल्या.

सिडनीच्या अनुभवातली एक गोष्ट आपल्याकडे कमी बोलली जाते. बांधकामे पुरी होण्याच्या कितीतरी आधी, २००५ मध्ये, त्यांनी वेळापत्रक बदलले आणि गाड्यांचा धावण्याचा वेळ मुद्दाम वाढवला. कागदावर प्रवास लांबला, पण गाडी सांगितलेल्या वेळेला येण्याची शक्यता वाढली. आपल्याकडेही वेळापत्रकात मोकळा वेळ असतो, पण तो बहुधा शेवटच्या स्थानकाच्या अलीकडे साठवलेला असतो. त्यामुळे गाडी मधल्या सगळ्या स्थानकांवर उशिरा असूनही टर्मिनसला वेळेत पोहोचते आणि नोंदीत वक्तशीर ठरते. कंट्रोलरच्या दृष्टीने हा मोकळा वेळ चुकीच्या जागी आहे. तो जंक्शनच्या अलीकडे हवा, कारण पंचवटी कल्याणला तिच्या नेमक्या मिनिटाला आली तर तिच्यासाठी राखलेला पाथ तिला मिळतो, आणि चार मिनिटे उशिरा आली तर ती दुसऱ्याच्या पाथमध्ये घुसते. कल्याणच्या अलीकडे दिलेली पाच मिनिटे दादरच्या अलीकडे दिलेल्या पंधरापेक्षा जास्त कामाची असतात.

याच संदर्भात मार्ग किती भरावा याचाही विचार हवा. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या क्षमतेविषयीच्या ४०६ क्रमांकाच्या पत्रकात उपनगरी मार्गांसाठी गर्दीच्या वेळी ८५ टक्के आणि दिवसभराच्या सरासरीला ७० टक्के, तर मिश्र वाहतुकीच्या मार्गांसाठी ७५ आणि ६० टक्के वापराची मर्यादा सुचवलेली आहे. उरलेली जागा वाया जात नाही. उशीर जिरवण्यासाठी ती लागते. मार्ग काठोकाठ भरला की एका गाडीची दोन मिनिटे तिच्या मागच्या प्रत्येक गाडीला जशीच्या तशी मिळतात आणि दुपारी गर्दी ओसरेपर्यंत भरून निघत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हा तिच्याबरोबरच ३६ जादा लोकल फेऱ्याही आल्या. गर्दी पाहता त्या गरजेच्या होत्या यात शंका नाही, मीही त्यांना नको म्हटले नसते. पण मोकळी झालेली जागा लगेच गाड्यांनी भरली की वक्तशीरपणासाठी तिच्यातले काही उरत नाही, हे त्याच वेळी प्रवाशांना स्पष्ट सांगायला हवे होते. वाढीव क्षमतेतला ठरावीक हिस्सा वेळापत्रकाच्या श्वासासाठी राखून ठेवायचा असा लेखी नियम असावा, असे माझे मत आहे. जादा प्रवासी वाहून न्यायचे असतील तर शक्य तिथे गाडी लांब करावी. १२ डब्यांच्या जागी १५ डबे आले की पाव हिश्शाने जागा वाढते आणि पाथ मात्र एकच लागतो. फलाट लांबवणे कटकटीचे असते, पण जंक्शनवर त्याचा काहीही ताण येत नाही.

सिग्नल यंत्रणेबद्दल प्रश्नकर्त्याने विचारले आहे. तीन-अ टप्प्यात मंजूर झालेली संवादाधारित नियंत्रण प्रणाली, म्हणजे सीबीटीसी, दोन गाड्यांमधले अंतर तीन मिनिटांच्याही खाली आणू शकते आणि ती यायलाच हवी. मात्र ती आडव्या वाटा मिटवत नाही आणि ठाणे-दादरच्या फलाटावर गर्दी चढण्या-उतरण्यात जाणारे चाळीस-पन्नास सेकंदही वाचवत नाही. ज्या मार्गावर एकाच जातीच्या गाड्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात तिथे तिचे पूर्ण फळ मिळते. म्हणून मार्ग आधी सुटे करावेत आणि मग सिग्नल आणावेत, हा क्रम मी आग्रहाने सांगेन.

आता सुटे करण्याची किंमत, कारण ती नाशिकलाही मोजावी लागेल. मार्ग वेगळे करणे म्हणजे कुठेतरी थेट गाडी बंद करून प्रवाशाला गाडी बदलायला लावणे. प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी थेट गाडी हवी असा हट्ट धरला की प्रत्येक मार्ग प्रत्येक मार्गाला छेदतो. ऐरोली-कळवा उन्नत मार्गाचे उदाहरण घ्या. कल्याणकडच्या प्रवाशाला नवी मुंबईला जाताना ठाण्याला उतरावे लागू नये हा त्यामागचा उद्देश चांगला आहे, आणि त्या मार्गावरचे दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झाले. परंतु या गाड्या पुढे कळव्यानंतर मुख्य मार्गाच्या धीम्या रुळांवर सोडल्या, तर ट्रान्स-हार्बरचा (ठाणे ते नवी मुंबई मार्गाचा) उशीर मुख्य मार्गात आणि मुख्य मार्गाचा ट्रान्स-हार्बरमध्ये जाण्याचे नवे दार उघडेल. आज ते दोन मार्ग ठाण्याला नुसते भेटतात, एकमेकांत मिसळत नाहीत, आणि बिघाडाच्या दिवशी तीच मोठी सोय ठरते.

नाशिकपर्यंत लोकल आणावी ही आपल्याकडची जुनी मागणी आहे आणि तिच्यामागची गरज खरी आहे. तरीही सीएसएमटी ते नाशिकरोड अशी सुमारे १९० किलोमीटरची एकच थेट लोकल मी मागणार नाही. कसारा घाटाचा चढ ३७ ला १ इतका आहे. चढणाऱ्या जड गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिने) लावावे लागतात, आणि पावसाळ्यात दरडी व धुक्यामुळे वेग उतरतो. घाटाची ही अनिश्चितता दादर-ठाण्याच्या तीन मिनिटांच्या शिस्तीला बांधली तर दोन्हीकडचे प्रवासी रडतील. त्यापेक्षा नाशिकरोड ते कल्याण अशी ठरावीक अंतराने धावणारी मेमू, कल्याणला तिच्यासाठी वेगळा परतीचा फलाट आणि त्याच्या समोरच्या बाजूला मुंबईची जलद लोकल अशी जोडणी अधिक भरवशाची होईल. कल्याणला जिना चढून-उतरून दुसऱ्या फलाटावर धावावे लागत असेल तर मात्र ही योजना कोणी स्वीकारणार नाही, आणि स्वीकारूही नये. गाडी बदलायला लावायची तर ती त्याच फलाटावर बदलता आली पाहिजे आणि पुढची गाडी पाच-सात मिनिटांत मिळाली पाहिजे. पंचवटी, तपोवन यांसारख्या आंतरशहरी गाड्यांची गोष्ट निराळी आहे. त्या कल्याणनंतर मेलच्या मार्गिकेवरूनच जायच्या आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी मार्गिका पुरी होणे हाच खरा उपाय. तिथे जमीन अत्यंत चिंचोळी आहे, दोन्ही बाजूंना वस्ती आणि जुने पूल आहेत, आणि काम त्यामुळेच रेंगाळले आहे. ते पुरे होईपर्यंत सकाळच्या गर्दीत येणाऱ्या काही लांब पल्ल्याच्या गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला थांबवून पुढची जागा मोकळी करणे हा अप्रिय पण कामाचा मार्ग आहे.

छोट्या कामांपैकी लोकल परतण्याच्या सोयी मी सर्वांत वर ठेवीन. टिटवाळा, आसनगाव यांसारख्या मधल्या स्थानकांवरून लोकल परत फिरते तेव्हा तिने समोरून येणाऱ्या मार्गिकेला आडवे जाऊ नये यासाठी दोन मुख्य मार्गिकांच्या मध्ये परतीची साइडिंग हवी. अशी साइडिंग असली की गाडी मधल्या रुळावर जाते, मोटरमन दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत कोणाचीही वाट अडत नाही आणि ती तिच्या वेळेला उलट दिशेने बाहेर पडते. एका साइडिंगचा खर्च नव्या मार्गिकेच्या तुलनेत किरकोळ असतो, परंतु जागा मात्र तिसरी-चौथी मार्गिका आखतानाच ठेवावी लागते. नंतर ती मिळत नाही. त्याचप्रमाणे उरलेली फाटके पूल बांधून कायमची बंद झाली पाहिजेत. पुलाचा खर्च आणि जमीन यांत महापालिका व राज्य सरकार यांचाही वाटा असतो, आणि पाठपुरावा नेमका तिथेच कमी पडतो.

शेवटी, सुरुवात कशापासून करावी या प्रश्नाचे उत्तर पासधारकांच्या निवेदनापुरते देतो. निवेदनात गाडीचे नाव घेऊन "वेळेत चालवा" एवढेच लिहिले, तर उत्तर म्हणून टर्मिनसच्या वक्तशीरपणाची टक्केवारी येईल आणि विषय मिटेल. त्याऐवजी पंचवटीची कसारा, कल्याण, कुर्ला आणि दादर येथील प्रत्यक्ष वेळ दरमहा प्रसिद्ध करण्याची मागणी करावी. तेवढ्याने उशीर कोणत्या टप्प्यात तयार होतो हे सर्वांसमोर येईल. त्याच्या जोडीला, नव्या वेळापत्रकात तिचा मोकळा वेळ कल्याणच्या अलीकडे हलवावा ही मागणी करावी. त्याला एक रुपयाही लागत नाही. कल्याण यार्डाची फेररचना आणि कल्याण-कसारा तिसरी मार्गिका ही कामे एकमेकांशी जुळवून पुरी करण्याचा आग्रह धरावा, कारण तिसरी मार्गिका आधी येऊन जुन्याच यार्डाच्या तोंडाशी संपली तर गाड्या कल्याणच्या होम सिग्नलला दोनऐवजी तीन रांगांत उभ्या राहतील. ही शेवटची मागणी टिटवाळा, आसनगाव आणि कसाऱ्याच्या प्रवासी संघटनांना सोबत घेऊन करावी. लूपमध्ये थांबणारी लोकल त्यांची असते आणि तिच्यामागे रखडणारी मेल आपली असते, त्यामुळे या कामात दोघांचेही हित आहे.